बापाच्या सिनेमातला मुलगा

1965 साली फिलिपाईन्समध्ये एक सिनेमा तयार झाला. 'इगिनुहित नांग तादहाना'. अर्थ साधारण 'नशिबाने रेखलेलं'. सिनेमा एका राजकारण्याच्या आयुष्यावर होता आणि तो राजकारणी त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होता: फर्डिनांड मार्कोस. सत्तेवर होते त्यांच्या सेन्सॉर मंडळाने सिनेमा अडवला. मग जे व्हायचं तेच झालं, सगळ्यांना तो बघायचाच होता. मार्कोस निवडून आला.

सिनेमात मार्कोस आणि त्याची बायको इमेल्डा ह्यांची कामं व्यावसायिक नटांनी केली. मोठ्या मुलीचं, इमीचं काम विल्मा सांतोस ह्या बालकलाकाराने केलं (ती पुढे मोठी नटी झाली आणि मग बातांगास प्रांताची गव्हर्नरही. तिकडे सिनेमा आणि राजकारण ह्यांच्यामध्ये एक दार आहे आणि ते कायम उघडंच असतं). सात-आठ वर्षांच्या मुलाच्या भूमिकेसाठी मात्र नट शोधावा लागला नाही. तो मुलगा स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

तो मुलगा म्हणजे फर्डिनांड मार्कोस ज्युनिअर, घरचं आणि देशभरचं नाव बॉन्गबॉन्ग. 2022 मध्ये तो स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला. मधल्या काळात त्याच्या बापाने 1972 मध्ये मार्शल लॉ लावला, संसद बंद केली, वृत्तपत्रांना टाळी ठोकली, हजारो लोकांना तुरुंगात टाकलं, अब्जावधी डॉलर्स देशाबाहेर नेले आणि 1986 मध्ये लाखो लोक मनिलाच्या एड्सा रस्त्यावर उतरल्यावर तो कुटुंबकबिल्यासह हवाईला पळाला. गिनीज बुकात एखाद्या सरकारच्या झालेल्या सर्वांत मोठ्या चोरीच्या विक्रमासमोर त्याचं नाव होतं. अशा बापाच्या मुलाला 36 वर्षांनी तीन कोटी सोळा लाखांवर मतं पडतात, जवळजवळ 59 टक्के. हे कसं होतं, हे समजून घ्यायला मी गेल्या वर्षभरात जे हाती लागलं ते पाहिलं आणि वाचलं. त्यात एक सिनेमा सगळ्यात चांगला आहे आणि माझं भांडणही त्याच्याशीच आहे.

लॉरेन ग्रीनफिल्डची 'द किंगमेकर' ही डॉक्युमेंटरी 2019 ची. ग्रीनफिल्ड अमेरिकन. श्रीमंती माणसाचं काय करते हा तिचा आवडता विषय. 'द क्वीन ऑफ व्हर्साय' तिचीच. 'द किंगमेकर'मध्ये ती इमेल्डाच्या मागे कॅमेरा घेऊन फिरते. सुरुवातीलाच ऐंशी पार केलेली इमेल्डा मनिलाच्या रस्त्यावर गाडीच्या खिडकीतून पोरांना नोटा वाटते आहे. हिंडताना ती सतत बोलत असते: मी आई आहे, सगळ्यांची आई, माझ्याकडून घेतलं गेलं, मी फक्त दिलं. ग्रीनफिल्ड तिला अडवत नाही. बोलू देते. आणि मग कट.

हा कट म्हणजे ह्या सिनेमाचं खरं शस्त्र. इमेल्डा म्हणते मार्शल लॉचा काळ किती शांततेचा होता, कट, एट्टा रोसालेस आणि मे रॉद्रिगेझ कॅमेऱ्याकडे बघत आपल्यावर झालेले अत्याचार सांगतात. इमेल्डा कालाउइट बेटावरच्या प्राण्यांबद्दल सांगते, सत्तरच्या दशकात केनियाहून जहाज भरून आणलेले जिराफ, झेब्रे, कट, त्या प्राण्यांसाठी ज्यांना बेटावरून हुसकावलं ती कुटुंबं. आजही त्या प्राण्यांची पिल्लं बेटावर आहेत, आपसातच पैदास होऊन खंगलेली. सत्ताधारी घराण्याचं रूपक म्हणून हे जरा जास्तच तयार वाटतं, पण चित्रं इतकी विलक्षण आहेत की तक्रार करवत नाही.

एक प्रसंग तर मी पुन्हा पुन्हा पाहिला. इमेल्डा टेबलावर मांडलेले फ्रेम केलेले फोटो दाखवते आहे, जगभरचे नेते आणि ती. हात लागतो, फ्रेम पडते, काच फुटते. ती बोलणं थांबवत नाही. नोकर येतो, काचा उचलतो. ह्या घरात काच फुटणं आणि काच उचलली जाणं ह्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे हे मालकिणीच्या गावीही नाही. कुठल्याही निवेदनाशिवाय, एका शॉटमध्ये एवढं सांगणं सोपं नाही.

मग भांडण कशाबद्दल? तर ह्या सिनेमाचा सगळा युक्तिवाद क्रमात आहे. आधी खोटं, मग खरं. खोटं बोलताना ती गोड दिसते आणि मग पुढच्या सीनमध्ये आपल्याला स्वतःच्या हसण्याची लाज वाटते. अंधाऱ्या थिएटरात शंभर मिनिटं बसलेल्या माणसावर हे अचूक काम करतं. पण ह्याच सिनेमात ग्रीनफिल्ड एका वर्गात जाते, तिथे शाळेतली मुलं मार्शल लॉबद्दल बोलतात आणि त्यांना तो चांगला वाटतो. शिस्त होती म्हणतात. ही मुलं शंभर मिनिटांचा सिनेमा बघून हे शिकलेली नाहीत.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं म्हणून हे मला जास्त टोचतं. फीड बनवणाऱ्या सिस्टिमला 'पुढचा सीन' ही कल्पनाच माहीत नसते. तिला तुकडा माहीत असतो: कोणी किती सेकंद पाहिला, परत पाहिला का, पुढे पाठवला का. ग्रीनफिल्डच्या सिनेमातली इमेल्डाची कोणतीही तीस सेकंदं कापून घ्या. झुळझुळीत कपड्यातली, थकलेली, अजूनही सुंदर म्हातारी, गरीब पोरांना पैसे देणारी. कटच्या अलीकडचा भाग हा तयार प्रचार आहे आणि कटच्या पलीकडच्या, छळाच्या कहाण्या सांगणाऱ्या बायकांना तिथपर्यंत कोणी स्क्रोल करत नाही. दिग्दर्शिकेने उपरोध विणलाय तो दोन सीन्सच्या शिवणीत, आणि फोनवर सगळ्यात आधी उसवते ती शिवणच.

फिलिपाईन्समध्ये तर ही शिवण आणखी एका कारणाने उसवलेली होती. तिथे टेलिकॉम कंपन्यांनी फेसबुक फुकट दिलं होतं. डेटा पॅक नसला तरी फेसबुक चालायचं, पण बातमीच्या लिंकवर टॅप केलं की बाहेर जायला पैसे. म्हणजे मथळा फुकट, बातमी विकत. आपल्याकडे 'फ्री बेसिक्स' ह्या नावाने हीच गोष्ट येऊ घातली होती. तेव्हा नेट न्यूट्रॅलिटीवरून मोठा गदारोळ झाला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. त्या गदारोळात कॉलेजमधली कित्येक पोरं ट्रायला ईमेल पाठवत होती, बहुतेकांना ते स्वस्त इंटरनेटचं भांडण वाटत होतं. तिकडे एका पिढीला मथळ्यांपुरतंच जग फुकट मिळालं, ह्याचा अर्थ आत्ता कळतो.

आता मुलाकडे येतो. 'द किंगमेकर'ला मुलगा दिसत नाही, ही माझी दुसरी तक्रार. तो सिनेमात आहे, सभेत आहे, मुलाखतीत आहे, पण कॅमेऱ्याला त्याच्यात रस नाही. नावातच ठरलंय की राजा बनवणारी ती आणि हा बनवला जाणारा. इमेल्डासमोर कोणीही फिकाच दिसणार हे खरं. पण सिनेमा संपल्यावर तीन वर्षांनी जो निवडून आला तो हाच फिका माणूस, आणि मला वाटतं फिकेपणासकट निवडून आला असं म्हणणं कमी पडेल. फिकेपणा हीच त्याची कमाई होती.

त्याचं आयुष्य कागदावर बघितलं तर कमालीचं साधारण आहे. बापाने आपल्या डायरीत ह्या मुलाबद्दल काळजी लिहून ठेवली आहे: फार बेफिकीर आहे, आळशी आहे. ऑक्सफर्डला गेला, पदवी पूर्ण केली नाही, एक डिप्लोमा घेऊन परतला. पदवी असल्याचं सांगत राहिला आणि विद्यापीठाने ती नसल्याचं सांगितलं. व्हार्टनला एमबीएला गेला, तेही अर्धवट. पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, 1980 मध्ये, घरच्या इलोकोस नॉर्ते प्रांताचा उपगव्हर्नर झाला, समोर उमेदवारच नव्हता. 1983 मध्ये आत्याने गव्हर्नरपद सोडलं, तिच्या जागी हा. फेब्रुवारी 1986 मध्ये, राजवटीच्या शेवटच्या दिवशी, मालाकान्यांग राजवाड्याच्या बाल्कनीत बाप समर्थकांसमोर उभा असतानाचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात बॉन्गबॉन्ग लष्करी गणवेशात आहे. वय 28. त्या फोटोतला तो आज माझ्या वयाचा आहे, म्हणजे 'तो तेव्हा लहान होता' हे त्याच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं उत्तर मला व्यक्तिशः फारसं पटत नाही.

1991 मध्ये कुटुंबाला परत येऊ दिलं, कोर्टात खटल्यांना तोंड द्या म्हणून. 1992 मध्ये हा खासदार झाला. म्हणजे पळून गेल्यापासून निवडून येण्यापर्यंत फक्त सहा वर्षं. 1995 मध्ये सिनेटला हरला आणि त्याच वर्षी आयकर विवरणपत्रं न भरल्याबद्दल दोषी ठरला. अपिलात तुरुंगवास गेला, दोष राहिला. मग गव्हर्नर, परत खासदार, 2010 ला सिनेटर. 2016 मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाला लेनी रोब्रेडो ह्या मानवी हक्कांच्या वकील बाईंकडून 2,63,473 मतांनी हरला. निकाल मान्य न करता जवळजवळ पाच वर्षं भांडत राहिला, शेवटी लवादाने एकमताने अर्ज फेटाळला. त्याच 2016 च्या नोव्हेंबरमध्ये, नवे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते ह्यांच्या मेहेरबानीने, बापाचं शव शूरवीरांच्या दफनभूमीत गुपचूप पुरलं गेलं. तोवर ते बाताक गावी काचेच्या थंड पेटीत, लोकांना बघायला ठेवलेलं होतं. 23 वर्षं.

आपल्याकडे अशा माणसासाठी 'घराणेशाही' हा शब्द तयारच असतो. पण तो इथे पुरा बसत नाही. घराणेशाहीत मुलाला बापाची जागा मिळते, मतदारसंघ, कारखाना, कार्यकर्ते. ह्याच्या बापाची जागा लोकांनी रस्त्यावर उतरून काढून घेतली होती. इलोकोस नॉर्तेत जुनी वतनदारी टिकली, पण मनिलात वारसा म्हणून मिळण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, आणि ती म्हणजे बापाची गोष्ट. ती आधी दुरुस्त करणं भाग होतं.

2022 च्या प्रचारात त्याने जवळपास काहीच म्हटलं नाही. निवडणूक आयोगाने ठेवलेल्या वादसभांना गेला नाही. अवघड प्रश्न विचारतील अशा पत्रकारांपासून लांब राहिला. त्याऐवजी आपल्या व्लॉगवर, बायकोमुलांत, हसताखेळता, किंवा खुशालचेंडू गप्पांच्या मुलाखतीत. मुद्दा एकच: एकजूट. दुतेर्तेची मुलगी सारा उपराष्ट्राध्यक्षपदाला सोबत होती आणि जोडीचं नावच 'युनिटीम'. टिकटॉकवर (आपल्याकडे 2020 पासून बंद, त्यामुळे आपल्याला त्या पुराचा अंदाज नाही) मार्शल लॉ म्हणजे सुवर्णकाळ, मार्कोसांची संपत्ती म्हणजे कुण्या प्राचीन राजघराण्याने फी म्हणून दिलेलं सोनं, असल्या गोष्टी वाहत होत्या. खोटं तपासणाऱ्या तिथल्या गटांना आढळलं की अपप्रचाराचा रोख बहुतेक रोब्रेडोंच्या विरोधात आणि मार्कोसच्या बाजूने होता. स्वतः उमेदवाराने ह्यातलं काही बोलायची गरज नव्हती. ज्याच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही त्याच्यावर लोक आपल्याला हवं ते लिहितात: कोणी रस्ते आणि पूल, कोणी शिस्त, कोणी बिचारा, बापाच्या पापाची शिक्षा भोगलेला मुलगा. इमेल्डा निवडणुकीला उभी असती तर हे जमलं नसतं. तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं आहे.

निवडून आल्यावर तीन महिन्यांच्या आत, ऑगस्ट 2022 मध्ये, तिसरा सिनेमा आला, 'मेड इन मालाकान्यांग'. दिग्दर्शक डॅरिल याप, निर्मितीत स्वतः बहीण इमी मार्कोस. 1986 च्या फेब्रुवारीतले राजवाड्यातले शेवटचे 72 तास, तीन मोलकरणींच्या नजरेतून. नावात कोटी आहेच. तासाभरात हसून सोडून द्यावा असा सिनेमा आहे असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याच्या रचनेत अक्कल आहे. घरातल्या नोकराची नजर ही आपण सहसा खरी धरतो, कारण मालकाचं खरं रूप तिला दिसतं असा आपला समज असतो. तीच नजर इथे उलटी वापरली आहे: मोलकरणीला दिसतं की ही साधी, घाबरलेली, एकमेकांना धीर देणारी माणसं आहेत. ग्रीनफिल्डच्या सिनेमात काचा उचलणारा तो नोकर आठवा. तोच इथे उठून बोलायला लागतो आणि मालकिणीच्या बाजूने साक्ष देतो.

आपल्याकडे बखर वाचणाऱ्याला हे नवं नाही. बखरकाराला इतिहास ठाऊक नसतो असं नाही, पण बखर कोणाच्या आश्रयाने लिहिली जाते आहे हे त्याला जास्त ठाऊक असतं. फरक इतकाच की बखर निदान दरबारापुरती असायची. ह्या सिनेमात राजवट उलथत असताना कोरी अकिनो (जिच्या नवऱ्याची हत्या झाली होती आणि जी ह्या पळापळीनंतर राष्ट्राध्यक्ष झाली) सेबूच्या मठात नन्ससोबत माहजाँग खेळताना दाखवली आहे. त्या मठातल्या कार्मेलाइट नन्सनी जाहीर पत्रक काढलं: आम्ही त्या दिवसांत प्रार्थना आणि उपास करत होतो, माहजाँग खेळत नव्हतो. दिग्दर्शकाने काही बदललं नाही. पुढच्या वर्षी सिनेमाचा पुढचा भागही आला.

सिनेमातल्या सगळ्या गोडव्यात इमी मध्यभागी आहे, शहाणी, खंबीर, घर सावरणारी. तेव्हा तिच्याबद्दलची एक गोष्ट, जी मार्कोसांच्या एकाही सिनेमात येणार नाही. 31 ऑगस्ट 1977 ला एका खुल्या सभेत आर्किमिडीस त्राहानो नावाच्या विद्यार्थ्याने तिला प्रश्न विचारला. तो मापुआ इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत होता, वय 21. इमी तेव्हा सरकारी युवक संघटनेची प्रमुख होती. त्याने विचारलं की ह्या संघटनेचं प्रमुखपद राष्ट्राध्यक्षांच्या मुलीकडेच का हवं. तिच्या सुरक्षारक्षकांनी त्याला सभेतून ओढून नेलं. नंतर त्याचं प्रेत मिळालं, अंगावर छळाच्या खुणा. हवाईतल्या अमेरिकन कोर्टाने पुढे इमीला जबाबदार धरून त्याच्या आईला चाळीस लाख डॉलर्सहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं. 2006 मध्ये फिलिपाईन्सच्या सुप्रीम कोर्टाने ती वसुली रोखली, कारण समन्स योग्य तऱ्हेने बजावलं गेलं नव्हतं.

ह्या गोष्टीत बघण्यासारखं काही नाही. राजवाडा नाही, जिराफ नाहीत, तीन हजार बूट नाहीत. इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या संस्थेतला एक पोरगा, हात वर करून सरळ प्रश्न विचारणारा. कॉलेजच्या गॅदरिंगनंतर पाहुण्यांना असला प्रश्न विचारणारा एक तरी जण आपल्या प्रत्येकाच्या बॅचला असतो. 2013 च्या कायद्यानंतर फिलिपाईन्स सरकारने स्वतः 11,103 लोकांना मार्शल लॉच्या काळातले बळी म्हणून मान्यता दिली आणि मार्कोसांच्या स्विस खात्यांतून परत मिळालेल्या पैशांतून भरपाई दिली. म्हणजे 'ह्यातलं खरं काय ते कोणाला माहीत' ही पळवाट कायद्यानेच बंद केलेली आहे. यादी आहे, नावं आहेत, पैशांच्या पावत्या आहेत. मात्र त्या यादीचा सिनेमा करायचा तर तो कटवर उभा राहून चालणार नाही. खोट्याच्या शेजारी खरं मांडण्याऐवजी प्रत्येक तुकडा एकटा पडला तरी खराच राहील असा तो करावा लागेल, आणि ग्रीनफिल्डच्या सिनेमात तसं फक्त तेव्हा घडतं जेव्हा छळ सोसलेली माणसं कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. त्या मुलाखती कुठूनही कापा, त्यांचा अर्थ उलटत नाही. मला त्या हव्या तेवढ्या लांब मिळाल्या नाहीत. त्याऐवजी इमेल्डा आणखी थोडी मिळाली.

बॉन्गबॉन्गने 30 जून 2022 ला शपथ घेतली आणि भाषणात बापाने कसं काम करून दाखवलं ते सांगितलं. आई समोर बसली होती. सात प्रकरणांत भ्रष्टाचाराबद्दल 2018 पासून दोषी, एक दिवसही तुरुंगात नाही. कुटुंबाकडून येणं असलेला वारसा कर, मूळ 23 अब्ज पेसो, व्याज धरून 203 अब्जांवर गेल्याचं प्रचारातच गाजलं होतं. मग 'युनिटीम' फुटली. मार्च 2025 मध्ये ह्याच्याच सरकारने म्हाताऱ्या दुतेर्तेला अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठवलं आणि जगातल्या बऱ्याच मानवी हक्कवाल्यांना मार्कोस नावाच्या माणसाचं स्वागत करावं लागलं. त्यांची पंचाईत मला समजते.

त्याच वर्षी पूरनियंत्रणाच्या कामांतला भ्रष्टाचार बाहेर आला. जुलैच्या भाषणात त्याने संसदेसमोर संबंधितांना सुनावलं की जरा लाज बाळगा. लोक 21 सप्टेंबरला रस्त्यावर उतरले, मार्शल लॉच्या घोषणेची तारीख मुद्दाम धरून, काही जण त्याच एड्सा रस्त्यावर. त्याच्या काही दिवस आधी पत्रकारांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की मी आंदोलकांना अजिबात दोष देत नाही, मी राष्ट्राध्यक्ष नसतो तर कदाचित त्यांच्यासोबत रस्त्यावर असतो. शांतपणे म्हणाला, जरा रागावलेल्या शेजाऱ्यासारखा.

हे मी अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये पाहिलं. खाली कमेंट्समध्ये लोक त्याचं कौतुक करत होते. क्लिप संपली आणि आपोआप पुढची सुरू झाली, चिकन अडोबो कसं करायचं त्याची.